मुलांनीच केलंय

अंडं पलीकडच्या टेबलावर पोचलं आणि फुटलं नाही, तेव्हा कार्यानुभवाच्या खोलीत ओंकार, नाझनीन आणि सदा आधी अंड्यावर वाकले. मग सदा ओरडला. सदाला ओरडायला एरवी कारण लागत नसे, पण त्या दिवशी कारण होतं.

"परत! परत लाव!" ओंकार म्हणाला.

नाझनीननं गाडी पुन्हा उताराच्या माथ्यावर नेऊन ठेवली. गाडी म्हणजे खडूच्या खोक्याएवढी फळी, खाली चार बेअरिंगची चाकं, वर कापसात ठेवलेलं कच्चं अंडं. तिनं हात सोडला. गाडी घरंगळत मध्यापर्यंत आली, वाटेत उभ्या असलेल्या लाकडी खिटीला टेकली आणि थांबली. खिटीच्या शेपटाला पत्र्याचा डबा टांगलेला होता, त्यातून वाळू बारीक धारेनं गळत होती. डबा हलका झाला तशी खिटीनं मान खाली घातली, गाडी वरून पुढे निघाली आणि पलीकडे जाऊन थांबली. अंडं शाबूत.

"जमलं की रं!" सदानं ओंकारच्या पाठीत गुद्दा घातला.

मी भिंतीला टेकून उभी होते. मला हसू आवरत नव्हतं. आता कुणीतरी विचारेल, ही खिटी कुठून आली, आणि मग मी सांगेन. त्याच एका क्षणासाठी मी पहाटे उठून, कुणी यायच्या आत शाळेत येऊन ती बसवली होती. आधी चालताना दिसू दे, मग सांगू, असा माझा बेत होता. तो बेत करताना मी स्वतःला फार हुशार समजत होते.

ओंकार वाकून बघायला लागला. त्यानं खिटीवरून बोट फिरवलं आणि त्याचं हसू मावळलं.

"आपली पट्टी आणि रबरबँड कुठं गेलं?"

"मी काढलं," मी म्हणाले. "ही मी केलीय."

तिघांनी माझ्याकडं बघितलं. मग तिघांनी दाराकडं बघितलं. दाराबाहेर मगदूम सर पाइपानं झेंडूला पाणी घालत होते.

त्यांनी दाराकडं का बघितलं, हे कळायला आमची शाळा माहीत हवी. कुरुंदवाडातल्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनातली मॉडेलं मगदूम सर करत आणि मुलं बोलत. ही वाटणी इतकी जुनी होती की त्यात काही गैर आहे असं मुलांना, पालकांना, मुख्याध्यापकांना, कुणालाच वाटत नसे. सरांच्या हाताला गुण होता. ज्वालामुखी म्हणा, पवनचक्की म्हणा, धरणाची आपोआप उघडणारी दारं म्हणा, सरांनी केलेलं मॉडेल दुकानातून आणल्यासारखं दिसायचं. मुलांनी फक्त "नमस्कार, माझ्या उपकरणाचं नाव" इथून सुरू होणारं पान पाठ करायचं. परीक्षक टेबलाशी आले की सर मुलांच्या मागं हाताची घडी घालून उभे राहत. एखादा परीक्षक विचारायचाच, "सर, यात मुलांनी काय केलं?" आणि सर चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणायचे, "मुलांनीच केलंय सर. सगळं मुलांनीच केलंय." परीक्षक गालातल्या गालात हसायचे, कारण त्यांच्या शाळांतही मुलांनीच केलेलं असायचं. मुख्याध्यापकांच्या कपाटावर ढालींना जागा उरली नव्हती.

आणि त्या वर्षी कोल्हापूरच्या एका संस्थेनं भलतीच स्पर्धा काढली. चार मुलांचा संघ. संस्था एक कोडं देणार, ते मुलांनी आपल्या डोक्यानं आणि आपल्या हातानं सोडवायचं. मोठ्या माणसानं यंत्राला हात लावायचा नाही, आणि काय चुकतंय तेही सांगायचं नाही. शिक्षकांसाठी एक दिवसाचं शिबिर झालं, त्याला सर जाऊन आले. आल्यावर कुणीतरी विचारलं, काय शिकवलं सर? सर म्हणाले, "गप्प बसायला."

आमचं कोडं होतं ते अंड्याचं. वीज नाही, हात लावणं नाही. अंड्यानं एका टेबलावरून निघायचं, मध्ये एका ठिकाणी थांबायचं, आणि मग आपलं आपण पुढं जायचं. पहिल्याच दिवशी सरांनी आम्हा चौघांना समोर उभं केलं.

"यंत्राबद्दल मला काही विचारायचं नाही. चुकलं तरी नाही, बरोबर आलं तरी नाही. माझं तोंड बंद आणि हात बंद. समजलं?"

आम्हाला वाटलं, चार दिवसांची नवलाई. पण सरांनी शब्द पाळला. सदा लाकडाच्या काठावरच खिळा ठोकायला लागला की सरांचा हात आपोआप पुढं यायचा. मग तो हात ते मागं घ्यायचे आणि बाहेर जाऊन नळाला पाइप लावायचे. आम्ही चुकत होतो सारखे, त्यामुळं त्या वर्षी शाळेची बाग फार चांगली आली.

ओंकार आमचा कप्तान. वडील गावातले डॉक्टर. हा वर्गात पहिला, आणि खोटं बोलण्याची मनापासून चीड असलेला मुलगा. सदा पैलवानाच्या घरचा, जड उचलायला आणि खिळे ठोकायला. नाझनीन हिशोबी, कोण काय बोललं, कुठं काय ठेवलं, सगळं तिच्या ध्यानात राहायचं. आणि मी तृप्ती सुतार, रंगकामाला.

रंगकामाला, कारण मी डावरी. मगदूम सरांना डाव्या हाताचं वावडं होतं. खडू असो, तपासलेला पेपर असो, शारदोत्सवाचा प्रसाद असो, घ्यायला माझा डावा हात पुढं आला की सर वस्तू मागं घ्यायचे. "डावा मागं. उजवा आण." ते स्वतः कुणाच्या डाव्या हातात काही देत नसत, शिपायाच्याही नाही. पाचवीत मी त्यांच्या तासाला करवत डाव्या हातात धरली, तेव्हा त्यांनी ती काढून घेतली आणि मला ब्रश दिला. तेव्हापासून शाळेत मी हत्याराला शिवले नव्हते. घरी गोष्ट वेगळी होती. घरी बाबांचं सुतारकामाचं शेड होतं, आणि तिथं कुठला हात हे कुणी विचारत नसे.

ओंकारची खिटी म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि रबरबँड. ती कधी गाडीला थांबवायचीच नाही, कधी एकदा थांबवली की सोडायची नाही. अंडी फुटून फुटून खोलीला वास मारायला लागला होता. सगळ्यांना कळत होतं की अडतंय ते तिथं, पण पुढचं कुणाला सुचत नव्हतं. मला सुचलं ते घरी. आमच्या शेडमध्ये तराजूच्या दांडीसारखी एक फळी असायची, तिच्यावर बाबा खिळ्यांचे डबे टांगत. एका बाजूचा डबा काढला की दुसरी बाजू खाली यायची. तेच मी लहान करून घेतलं. सागाचा तुकडा, चाकू आणि कानस. पहिली खिटी भोक पाडताना चिरली. दुसरीचं नाक जड झालं, ती वाळू भरली तरी मान वर करेना. तिसरी जमली. बाबा दाराची चौकट करत होते. मधे एकदा त्यांनी मान वर करून विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "शाळेचं." ते परत चौकटीकडं वळले. आमच्यात दुसऱ्याच्या कामाला हात लावायची पद्धत नाही.

तर ती खिटी घेऊन मी भिंतीला टेकून उभी होते, आणि तिघं दाराकडं बघत होते.

"तू केलीस?" सदा म्हणाला. "तू? अगं, तुला ब्रश सोडून काय धरता येतंय?"

"घरी केली. माझ्या हातानं."

"मग तुझ्या बानं केली असंल."

"नाही रे! बाबांनी हातसुद्धा लावला नाही."

"मग सरांनी केली," ओंकार म्हणाला. त्यानं ती जागेवरून काढली आणि उजेडात धरली. "बघ ना. कड बघ हिची. पवनचक्कीचं पातं असंच होतं. सरांना राहवलं नसणार. आणि तू सरांना सांभाळून घेतीयस."

"शपथ, ओंकार."

"उद्या स्पर्धा आहे, तृप्ती. तिथं विचारणार, ही कुणी केली. खोटं निघालं तर नुसते हरणार नाही आपण, चोर ठरू."

मला राग आला होता, पण त्याच्या बोलण्यात खोट काढता येईना. आमच्या शाळेत नीट केलेली वस्तू ही सरांची असायची. मुलांची वस्तू वाकडी असते, एवढं आम्हा सगळ्यांना पक्कं माहीत होतं.

"चला, सरांनाच विचारू," नाझनीन म्हणाली.

आम्ही बागेत गेलो. सरांनी पाइप खाली ठेवला. ओंकारनं खिटी पुढं केली.

"सर, ही तुम्ही केलीय?"

सरांनी खिटी घेतली. उलटी केली, सुलटी केली. अंगठा कडेवरून एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं फिरवला. भोकातून डोळा लावून पाहिलं. पाइपाचं पाणी त्यांच्या चपलांखालून वाहत होतं, त्याचं त्यांना भान नव्हतं.

"यंत्राबद्दल मला विचारायचं नाही, ठरलंय आपलं," ते म्हणाले.

"सर, नुसतं हो का नाही, एवढंच सांगा."

"नाही सांगत."

"सर, सांगा ना त्यांना," मी म्हणाले. माझा आवाज चिरकला. "ही मी केलीय. तुम्हाला कळतंय की बघून. कळतंय ना?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. ते काहीतरी बोलणार असं मला वाटलं. घशातला आवंढा खाली गेलेला दिसला मला. पण त्यांनी खिटी माझ्या हातात दिली, ओंकारच्या नाही, माझ्या, आणि खाली वाकून पाइप उचलला.

"संघ तुमचा. तुमचं तुम्ही ठरवा."

एवढं बोलून ते झेंडू सोडून पार कंपाउंडपाशी जास्वंदीकडं गेले. जास्वंदीला सकाळीच पाणी घालून झालं होतं.

"बघितलंस?" ओंकार म्हणाला. "त्यांची नसती तर नाही म्हणायला काय झालं असतं?"

मत घेतलं. ओंकार आणि सदा म्हणाले, काढायची. मी म्हणाले, ठेवायची. नाझनीन म्हणाली, "मला वाटतंय हिनंच केलीय."

"कशावरून?"

"वाटतंय."

दोन-दोन झाले. अशा वेळी कप्तानाचं मत चालायचं, हे आम्हीच पहिल्या आठवड्यात ठरवलं होतं. नाझनीननं पट्टी आणि रबरबँड शोधून आणलं. मी खिटी स्कर्टच्या खिशात घातली.

मी ओंकारवर फारशी चिडले नाही. तो मला खोटारडी समजत होता, पण निदान तोंडावर म्हणत होता. मी चिडले सरांवर. एक शब्द. "हिची" एवढा एक शब्द. वर्षभर नियम पाळला हे ठीक, पण नियम कशासाठी होता? मुलांचं काम मुलांचं राहावं म्हणून. आणि मुलाचं काम समोर धरलं तर हा माणूस झाडांना पाणी घालत सुटला.

दुसऱ्या दिवशी आम्ही यंत्र टेम्पोत घालून कोल्हापूरला गेलो. एका कॉलेजचा हॉल होता. मुख्याध्यापकांनी निघताना सरांना सांगितलं होतं, "शेवटचं वर्ष तुमचं. ढाल घेऊनच या." सर फक्त "बघू" म्हणाले होते.

परीक्षक दोघं. एक जाड भिंगाच्या चष्म्याच्या बाई, त्या नवीन होत्या. आणि एक टक्कल पडलेले गृहस्थ, ते जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात दर वर्षी असायचे. सरांना बघताच ते हसले.

"काय मगदूम सर! यंदा इकडं? इथं काय करता येणार तुम्हाला?"

सरही हसले. मग मागच्या भिंतीशी जाऊन, हात पाठीमागं बांधून उभे राहिले.

शिट्टी झाली. नाझनीननं गाडी सोडली. गाडी मध्यावर आली, पट्टीला टेकली, पट्टी वाकली, थरथरली, आणि धरून राहिली. वाळू संपली. रबरबँडनं पट्टीला खाली ओढायचं होतं, त्यानं ओढलं नाही. गाडी तिथंच उभी. नियमाप्रमाणं हात लावता येत नव्हता. ओंकारचे ओठ नुसते हलत होते. मग रबरबँड एकदम सुटला, पट्टी उडाली, गाडीला हिसका बसला आणि अंडं कापसातून उसळून फरशीवर पडलं.

दुसरी संधी मिळाली. दुसरं अंडंही तिथंच पडलं. शिट्टी झाली. वेळ संपली.

सदा रडत होता, हे मला नीट आठवतं, कारण तो रडू शकतो हे मला तेव्हाच कळलं.

मग परीक्षकांचे प्रश्न. कुणी काय केलं, ते प्रत्येकानं सांगायचं. ओंकारनं उताराचं सांगितलं, सदानं चाकांचं, नाझनीननं वाळू किती आणि भोक केवढं त्याचं. चष्म्याच्या बाई माझ्याकडं वळल्या.

"आणि तू?"

"रंग," मी म्हणाले. मग माझा हात खिशात गेला. "आणि ही खिटी केली होती. लावली नाही."

"का लावली नाही?"

"मी केली हे कुणाला पटलं नाही."

ओंकारनं मान खाली घातली. बाईंनी खिटी हातात घेतली. "अरे वा," त्या म्हणाल्या, आणि टकलू परीक्षकांकडं दिली. त्यांनी ती उलटीसुलटी केली आणि मान वळवून थेट मागच्या भिंतीकडं बघितलं.

"सर, हिनं केलीय ही?"

सगळा हॉल मागं बघायला लागला. वेळ संपली होती, यंत्र संपलं होतं, आता सरांना बोलायला कसलीच आडकाठी नव्हती. मला ढाल नको होती. मला फक्त एवढं हवं होतं की त्या माणसानं सगळ्यांसमोर हो म्हणावं.

"तिलाच विचारा," सर म्हणाले.

टकलू परीक्षक गालातल्या गालात हसले. ते हसू मला ओळखीचं होतं. "छान आहे हं," म्हणून त्यांनी खिटी माझ्या हातात दिली आणि कागदावर काहीही न लिहिता ते पुढच्या संघाकडं गेले. बाई दोन पावलं चालून थांबल्या, मागं वळून एकदा माझ्याकडं बघितलं, मग त्याही गेल्या.

आम्हाला काही मिळालं नाही. परतीच्या टेम्पोत सर पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. मी मागं यंत्राला टेकून बसले होते, आणि घर येईपर्यंत त्यांच्या डोक्याच्या मागच्या बाजूकडं बघत होते.

सोमवारी मी शाळेत सागाचा तुकडा, चाकू आणि कानस घेऊन गेले. मधल्या सुट्टीत व्हरांड्याच्या पायरीवर बसले आणि ओंकारला म्हटलं, "बस इथं." तो बसला. सदा आणि नाझनीनही बसले. मी चौथी खिटी करायला घेतली, डाव्या हातानं. सुट्टी संपली, पुढचा तास सुरू झाला, पण कुणी उठलं नाही, आणि आम्हाला उठवायला कुणी आलंही नाही. बागेत सरांनी नळ बंद केलेला ऐकू आला. ते तिथंच उभे होते, पण जवळ आले नाहीत. खिटी झाली तेव्हा सदा म्हणाला, "आयला." ओंकारनं खिटीच्या कडेवरून बोट फिरवलं. तो उठला, पायरीवर पडलेला सगळा भुसा त्यानं ओंजळीत गोळा केला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून आला. मग म्हणाला, "मला पटायला पाहिजे होतं."

त्याच्याशी माझं तिथंच मिटलं. सरांशी मिटलं नाही. एप्रिलमध्ये त्यांचा निरोप समारंभ झाला. सगळी मुलं रांगेनं पाया पडत होती, मी रांगेतून सटकून घरी आले.

आता माझा कोल्हापुरात कारखाना आहे. बालवाड्यांसाठी लाकडी खेळणी करते. कारखाना म्हणजे फार काही मोठं नाही, पण कामाला माणसं आहेत, आणि त्यातली दोघं डावखुरी आहेत. ती मी मुद्दाम घेतली नाहीत, पण मला बरं वाटलं.

मागच्या दिवाळीनंतर नाझनीन आली. ती शिरोळकडं एका शाळेत गणित शिकवते. बालवाडीसाठी ठोकळे हवे होते, म्हणून आली आणि दुपारभर बसली. तिच्या शाळेचा संघ त्याच स्पर्धेत उतरला होता.

"पोरं डोळ्यांदेखत चुकत असतात आणि माझे हात नुसते शिवशिवतात गं," ती म्हणाली. "मग मी उठून फळा पुसते. पुसलेलाच परत पुसते. मगदूम सर फार आठवतात."

"मला नाही आठवत," मी म्हणाले.

"अजून?"

"एक शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं त्यांचं?"

नाझनीन माझ्याकडं बघत राहिली. "अगं, पण त्यांनी सांगितलं होतं की. बागेत."

"काय सांगितलं?"

"खिटी तुझ्या डाव्या हातात दिली ना त्यांनी. तू उजवा पुढं केला होतास, सवयीनं. त्यांनी तो बाजूला सारला आणि डाव्यात दिली. मी शेजारीच होते. म्हणून तर मी तुझ्या बाजूनं मत दिलं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"ओंकारला काय सांगणार? सरांनी डाव्या हातात दिली, म्हणून हिची? आणि तुला कळलं असेल असंच वाटलं मला. हात तुझा होता, बाई."

तिला बसस्टँडवर सोडून मी परत आले, तरी माझं कामात लक्ष लागेना. डावा का उजवा, मला आठवत नव्हतं. मला आठवत होता तो फक्त त्यांचा आवंढा आणि जास्वंदीकडं जाणारी पाठ. पण नाझनीनच्या ध्यानात राहिलेलं कधी चुकीचं निघालं नव्हतं.

पुढच्या रविवारी मी कुरुंदवाडला गेले. सर घरीच होते, सोप्यात खुर्ची टाकून बसलेले. खूप थकले होते. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाले, "सुतार. ये." काकूंनी चहा टाकला. इकडचं तिकडचं बोलणं झालं. कारखाना किती माणसांचा, लाकूड कुठून आणतेस, पॉलिश कुठलं वापरतेस. मग मी सरळ विचारलं.

"सर, ती खिटी माझी आहे हे तुम्हाला बागेतच कळलं होतं ना?"

"कळणारच की. चाकू उलट्या अंगानं चालला होता."

"मग बोलला का नाहीत? बागेत नियम होता, ठीक. पण हॉलमध्ये? तिथं तर वेळ संपली होती. त्या परीक्षकांनी सरळ विचारलं तुम्हाला."

आत काकू कपबशा मांडत होत्या.

"नियमाचं नव्हतं गं ते," ते म्हणाले. "काय बोलणार होतो मी? 'हिनंच केलंय'? तो माणूस मला दर वर्षी भेटत होता. दर वर्षी त्याच्याच समोर उभा राहून मी म्हणत आलो, मुलांनीच केलंय सर, सगळं मुलांनीच केलंय. त्या दिवशी पहिल्यांदा ते खरं होतं, आणि माझ्याकडं तेवढं एकच वाक्य होतं. मी तोंड उघडलं असतं, तर तुझी खिटी तिथल्या तिथं माझी झाली असती."

काकूंनी चहा आणून त्यांच्यासमोर ठेवला. सरांनी एक कप उचलला. माझा उजवा हात पुढं झाला होता, तो त्यांनी बाजूला सारला आणि कप माझ्या डाव्या हातात दिला.